लाइट-बिलावरचं नाव

परदेशी माणूस घरी उतरला की
चोवीस तासांत फॉर्म ‘सी’ भरायचा असतो घरमालकानं.
मला कुठून माहीत असणार.
माझ्याकडे आजवर राहून गेलेले सगळे भाडेकरू
सावलीचे, नाहीतर डभोईचे.

मिलोश आला मकरपुऱ्याच्या कंपनीच्या गाडीतून,
दोन बॅगा, आणि एक लांबट पेटी,
मला वाटलं बासरी असेल.
तेलाची ओल मोजायची काठी निघाली.

कागदांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर कंपनीचं पत्र:
‘सदर काम करू शकेल अशी व्यक्ती
स्थानिक पातळीवर उपलब्ध नाही.’
चष्मा लावून मी दोनदा वाचलं.
त्याच कंपनीत, त्याच शेडमध्ये एकतीस वर्षं
तांब्याच्या पट्टीवर कागद, कागदावर पट्टी
गुंडाळत होतो मी.
कुठे सैल पडलंय ते अंगठ्याला कळायचं.
पत्र लिहिलं गेलं त्या दिवशी
स्थानिक पातळीवर मी जिना झाडत असेन.

राग आला. खोटं कशाला सांगू.
पण हा गडी सामान तसंच टाकून जिन्यात उभा,
मान तिरकी,
कोपऱ्यावरच्या डीपीचं गुणगुणणं ऐकत.
आम्ही ऐकायचो तसंच.
म्हणाला, माझ्याइतक्याच मोडक्या इंग्रजीत,
‘हिचा गाभा सैल झालाय.’
म्हटलं, ‘दोन वर्षं झाली.’
त्या संध्याकाळी आम्ही शेव-उसळ खाल्ली.
त्याचे कान लाल झाले, तरी पाव पुन्हा मागितला.

वर्षानं परवाना वाढवायची वेळ आली.
बाईंनी एकेक कागद उलटला.
पासपोर्ट. पगार, अमक्याच्या वर हवा, होता.
डिग्री, डिग्रीवरचा शिक्का, शिक्क्यावरचा शिक्का.
मग माझ्याकडे वळल्या.
‘वामनभाई, लाइट-बिल तमारा नामे नथी.’

नव्हतंच.
बिल येतं आबाजी सखाराम केसरकर यांना.
सत्त्याण्णव साली वारले.
तरी दर दोन महिन्यांनी वीज वापरतात
आणि मुदतीच्या आत भरतात.

चेक देशातला माणूस पुरता कायदेशीर होता.
मी इथे राहतो
याचाच कागद निघेना.
‘केटला वरसथी रहो छो अहीं?’
मी मनात हिशोब मांडला. माझी सदुसष्ट,
मग आबांची, आबांच्या आबांची,
मागे जाता जाता एक पलटण लागली
आणि घोड्यांमागून चालत आलेला कुणी केसरकर.
त्यानं कुठला फॉर्म भरला असेल?
तेव्हा कुणी पत्र लिहिलं होतं का,
की या कामाला स्थानिक माणूस उपलब्ध नाही?
हे बाईंना सांगून काय उपयोग.
‘पहेलेथी,’ म्हटलं.

मृत्यूचा दाखला, स्टॅम्प पेपर,
देवासच्या बहिणीची संमती, तिची सही हलली म्हणून पुन्हा सही.
वीज कंपनीच्या रांगेत मिलोश उभा राहिला,
माझ्या गुडघ्यामुळे.
सगळे बघत होते. खिडकीतल्या माणसानं विचारलं, काय काम?
मी पढवलेलं मराठी वाक्य त्यानं घडाघडा म्हटलं,
एक शब्द गळाला:
‘वडील बदलायचे आहेत.’
रांग हसली. मीही हसलो,
मग बाकावर बसून राहिलो थोडा वेळ.

नवं बिल आलं.
वामन आबाजी केसरकर.
आबा गेले नाहीत कुठे, सरकून मधे बसलेत.

मिलोशला आणखी एक वर्ष मिळालं, तारखेसकट.
माझ्या बिलावर तसली तारीख नाही,
फक्त भरायची शेवटची.

पुढल्या खेपेला तेच पत्र पुन्हा लागेल.
तो म्हणतो, ते वाक्य काढायला सांगतो साहेबांना.
म्हटलं, राहू दे,
काढलंस तर तुला जावं लागेल,
आणि वरची खोली रिकामी बरी दिसत नाही.

डीपी अजून तशीच. तक्रार दोघांच्या नावानं दिलीय.
रात्री तो वरून ऐकतो, मी खालून.